ओढ्याकडचे तीन गुंठे

"आक्का, यादी आजच करायचीय व्हय?"

कलेनं भाकरी विस्तवाला लावली आणि माझ्याकडं न बघताच विचारलं. मी थोरल्याचा शाळेचा डबा भरत होते. दहाला पंचायतीत पोचायचं होतं आणि घड्याळ माझ्यावर दात धरून बसल्यासारखं पळत होतं.

"आजच. भाऊसाहेब सकाळपासून येऊन बसलाय म्हणं. उद्या महापालिकेची जीप येणार, दप्तर न्यायला."

"मग तेवढं ओढ्याकडचं लिहून घे."

माझा हात डब्यावरच थांबला. मी मागं वळून बघितलं, मामंजी पडवीत तर नाहीत ना. नव्हते. देवाचीच कृपा म्हणायची.

"हळू बोल की गं बये," मी म्हणाले. "सकाळी सकाळी काय ते!"

"हळूच बोलतेय. पण लिहून घे. शेजारचं मांडवखेल आपल्याआधी महापालिकेत गेलं, त्यांचं खळं यादीत लिवायचं राहिलं, तर तिथं आता कचऱ्याच्या गाड्या लागत्यात. कागदावर आसंल तेवढंच गावाचं, घरचे सांगत होते."

कला माझी धाकटी जाऊ. माझ्यामागनं सहा वर्षांनी या घरात आली. सासू नव्हतीच आम्हाला, त्यामुळं तिचं माहेरपण, डोहाळे, बाळंतपण सगळं मीच केलं. ती मला आक्का म्हणायची, अगंतुगं करायची, आणि माझी पोरं भूक लागली की मला सोडून तिच्याकडं पळायची. तिला एकच झालं, बकुळा. सात महिन्यांची होऊन गेली. जुलाब काय लागले, अन् दोन दिवसांत पोर हाताला लागेना. त्यानंतर कलेची पिशवी काढावी लागली. म्हणजे जे काही तिचं होतं ते ओढ्याकडंच होतं.

ओढ्याकडं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या भेंडवलीत मोठ्या माणसांचं स्मशान नदीला. चांगलं पत्र्याचं छप्पर, ओटा, पंचायतीच्या पैशातून बांधलेला. पण दुधाच्या दातांची लेकरं जाळत नाहीत, पुरतात. ती जागा वेगळी. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याच्या कडेनं करंजाची चार झाडं, त्याखाली तीनेक गुंठ्यांची पट्टी. खड्ड्यात मीठ घालायचं, वर दगड रचायचे, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकायच्या आणि मागं न बघता घरी यायचं. त्या जागेला नाव नव्हतं. एखाद्याचं लेकरू गेलं तर गावात कुणी 'मेलं' म्हणायचं नाही, 'ओढ्याकडं नेलं' म्हणायचे. आणि ज्या बाईची लेकरं जिती आहेत तिनं तर त्या जागेचा उच्चारसुद्धा करायचा नाही. नाव काढलं की जागेला घर सापडतं, असं आमच्याकडं मानतात. तुम्ही हसाल. मीही दुसऱ्या गावच्या गोष्टीला हसले असते.

कला मात्र नाव घ्यायची. दर पुनवेला दुधाची वाटी घेऊन जायची. मामंजी एकदा ओरडले, तर म्हणाली, "मी घेते नाव. माझ्या घरातनं आता न्यायचं काय राह्यलंय?" त्यानंतर तिला कुणी अडवलं नाही.

"तू नाव नको घेऊस," ती त्या सकाळी म्हणाली. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. "तुझी दोन हायेत. तू नुसतं नकाशावर बोट ठेव आन् म्हण, हे बी स्मशानात धरा. झालं. तुझ्या हातात शिक्का हाय आक्का, कुणी न्हाई म्हणायचं न्हाई."

"बरं बाई, ठेवते बोट," मी म्हणाले. "आता तेवढी भाकरी दे, नाहीतर तुझी सरपंच उपाशी मरंल."

ती हसली. खूप दिवसांनी हसली होती.

आता माझं सरपंचपद. काय सांगू! बायकांसाठी जागा राखीव झाली आणि मामंजींनी वीस वर्षं ऊब दिलेली खुर्ची घरातच राहावी म्हणून मला उभं केलं. सातवी पास सून म्हणजे घरात सोनंच. कारभार मामंजींचा, सही माझी. मी खुर्चीवर बसायचे, मामंजी भिंतीला टेकून सतरंजीवर बसायचे, आणि सगळा गाव माझ्याकडं तोंड करून त्यांच्याशी बोलायचा. डोक्यावरचा पदर मी एका हातानं धरायचे आणि दुसऱ्या हातानं सही करायचे. नंदीबैलाला निदान मान तरी हलवावी लागते. तीन वर्षं असं चाललं होतं आणि तेवढ्यात सरकारी आदेश आला, की शहराच्या पूर्वेची गावं महापालिकेत घेतली. पंचायत बरखास्त. मी भेंडवलीची पहिली बाई सरपंच आणि शेवटचीही.

मी पोचले तेव्हा नलावडे भाऊसाहेब टेबलावर नकाशा पसरून बसले होते. ग्रामसेवक, पण आम्ही भाऊसाहेबच म्हणायचो. साताऱ्याकडचा माणूस, बदली होऊन दीड वर्ष झालेलं, कामाला चोख. खाली सतरंजीवर मामंजी आणि गावातली सात-आठ पिकली पानं.

एकेक वाचन सुरू झालं. शाळेच्या चार खोल्या. तालीम. पाण्याची टाकी. कोंडवाडा, मोडका असला तरी लिहिला. खांबावरचे दिवे मोजताना तर भांडणच लागलं. एक म्हणे एकतीस, दुसरा म्हणे बत्तीस, तो म्हादूच्या दारातला बंद असला तरी खांब आहे की नाही! बंद दिव्यासाठी अर्धा तास गेला. नदीचं स्मशान आलं तेव्हा मामंजींनी मुद्दाम लिहायला लावलं, 'पत्र्याच्या छपरासह'.

दुपार झाली. बालवाडीची बाई अवीला उचलून घेऊन आली. माझा धाकटा, चार वर्षांचा. "बाई, अंग लई तापलंय ह्याचं," म्हणाली आणि माझ्या मांडीवर ठेवून गेली. तव्यासारखं अंग. डोळे अर्धे मिटलेले. मी म्हणाले, भाऊसाहेब, आटपा लवकर. ते म्हणाले, दोनच पानं राहिलीत.

"सर्व्हे नंबर एकसष्ट," त्यांनी वाचलं. "ओढ्यालगत, तीन गुंठे, पंचायतीकडे. इथं काय आहे?"

 दिव्यासाठी भांडणारी माणसं सतरंजीचे दोरे उचकायला लागली. भाऊसाहेबांना बिचाऱ्यांना काय कळणार? त्यांच्या दीड वर्षात कुणाचं लेकरू गेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, काय लिहू?"

नकाशा माझ्यासमोर होता. हातभर अंतर नव्हतं. ओढ्याची निळी रेघ, तिच्या कडेला बोटभर चौकोन.

"पडीक," मामंजी भिंतीकडनं म्हणाले. "काय न्हाई तिथं. पडीक लिवा."

"बाई?" भाऊसाहेबांनी पुन्हा विचारलं. भला माणूस. त्याला काहीतरी वास आला असावा.

"मामंजी म्हणतात तसं," मी म्हणाले.

पडीक. खाली मी सही केली, शिक्का मारला आणि अवीला खांद्यावर टाकून घरी पळाले.

कला अंगणातच होती. तिनं अवीला बघितलं आणि माझ्या हातातनं ओढूनच घेतलं. पाट्यावर कांदा चेचला, त्याच्या तळपायांना चोळला, आणि मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून कपाळावर पट्ट्या ठेवायला बसली. दिवेलागण झाली तरी उठली नाही. मी नुसती आत-बाहेर करत होते. रात्र पडता पडता अवीला घाम फुटला आणि त्यानं पाणी मागितलं. तेव्हा कलेनं फडकं पिळता पिळता विचारलं,

"आक्का, लिवलं ना गं?"

"लिहिलं," मी म्हणाले.

एवढंच. तोंडातनं गेलं. मनात म्हटलं, उद्या सकाळी जाऊन भाऊसाहेबाला दुरुस्त करायला लावू, म्हणजे खोटं राहणार नाही. दुसऱ्या दिवशी गेलेही. जीप दारात उभी, दप्तराची गाठोडी बांधलेली. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, दुरुस्ती करता येईल, पण यादीवर पंचांच्याही सह्या आहेत. पुन्हा सगळ्यांना बसवावं लागेल. तात्यांना विचारता का?" तात्या म्हणजे मामंजी. मी म्हणाले, विचारते. आणि विचारलं नाही. तीन गुंठ्यांकडं कोण बघतंय, असं स्वतःला समजावलं. जीप गेली, शिक्का गेला, भिंतीवरचा सरपंचांच्या नावांचा फळासुद्धा कुणीतरी उतरवून ठेवला.

त्यानंतर तीन वर्षं बरी गेली. नळाला पाणी आलं. कचरा उचलायला घंटागाडी येऊ लागली. घरपट्टी वाढली म्हणून गाव बोंबललं आणि मग सवय झाली. मामंजी गेले. त्यांना नदीला पत्र्याच्या छपराखालीच नेलं. मला बाजारात पूर्वी 'सरपंचबाई' म्हणणारे पुन्हा 'अवीची आई' म्हणू लागले, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

मग विकास आराखडा आला. वॉर्ड ऑफिसात भिंतभर नकाशा लावला होता, सगळं गाव बघायला गेलं. संध्याकाळी माझे दीर, कलेचे मालक, घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. कला म्हणाली, "काय झालं?" ते म्हणाले, "मोठा रस्ता चाललाय. ओढ्याच्या कडंनं. करंजांवरनं."

मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण कला घाबरली नाही. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "असा कसा जाईल? यादीत हाय की ते. आक्कानं लिवलंय. त्यांना दिसलं नसंल. आपुन जाऊन दाखवू."

"कले, अगं सरकारी काम, आपल्याच्यानं काय..."

"हरकत घेता येती. महिन्याची मुदत हाय. परवाच नळावर बोलत होत्या बायका." आणि माझा हात धरून म्हणाली, "तू नुसती संगट चल. तू सरपंच होतीस. तुझं ऐकतील."

शाळेतल्या गुरुजींकडनं तिनं अर्ज लिहून घेतला. त्यात तिनं बकुळाचं नाव घालायला लावलं, आणि गावातल्या आणखी अकरा बायकांची लेकरं आठवून आठवून सांगितली. कुणाच्या तोंडातनं कधी न निघालेली नावं. त्या बायकांनी अंगठे दिले, पण रात्रीच्या जेवणाआधी अंगारा लावून घेतला. सुनावणीची तारीख आली. त्या महिनाभरात मी तीनदा तिला सांगायला गेले. एकदा ती तांदूळ निवडत होती, एकदा कपडे वाळत घालत होती, एकदा तर नुसतीच बसली होती. तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलून आले. पाप पोटात ठेवायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ते पोटात राहत नाही, घशाशी येऊन बसतं.

सुनावणीला ती बाजाराचं लुगडं नेसली, हिरवं. शहरातल्या त्या मोठ्या इमारतीत ती पहिल्यांदाच आली होती. जिन्याला हात न लावता चढली, मळेल म्हणून. आत एक अधिकारी होते, चष्मेवाले, चाळिशीचे. चांगले होते हो. मला आजही त्यांचा राग करता येत नाही. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, अर्ज पूर्ण वाचला. बारा नावं वाचताना त्यांनी चष्मा काढला.

"बाई, हे तुम्ही म्हणता तसं असेल, तर मार्ग निघतो," ते म्हणाले. "दफनभूमीची नोंद असली की रस्त्याची रेघ सरकवता येते. ओढ्याच्या पलीकडं तीस फूट सरकवली की झालं. पलीकडं मोकळंच आहे. ग्रामपंचायतीकडून आलेली मालमत्ता यादी बघू."

कलेनं माझ्या मांडीवर हात ठेवला. बघ, झालं काम, असा.

कारकुनानं फाईल आणली. साहेबांनी पानं उलटली, बोट फिरवलं, थांबले. पुन्हा अर्जाकडं बघितलं, पुन्हा यादीकडं.

"सर्व्हे नंबर एकसष्ट," त्यांनी वाचलं. "क्षेत्र तीन गुंठे. पडीक."

"न्हाई साहेब," कला म्हणाली. "दुसरं पान असंल."

"पान हेच आहे. खाली पंचांच्या सह्या आहेत. आणि..." ते वाचत गेले, "सही, यशोदा रंगनाथ म्हेत्रे, सरपंच, भेंडवली. शिक्का आहे."

कला उभी राहिली. मला वाटलं माझ्याकडं वळेल. ती वळली नाही. ती साहेबांशी बोलत होती.

"ती सही खोटी हाय साहेब."

"बाई..."

"खोटी हाय. ही माझी जाऊ. तिनं मला त्याच दिशी सांगितलं, लिवलं म्हणून. माझ्या समोर सांगितलं. ती माझ्याशी खोटं बोलायची न्हाई. त्या नलावड्यानं मागनं बदललं असंल. न्हाईतर आमच्या मामंजींनी. पर आक्कानं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. ती समजावून सांगत होती, त्यांना माहीत नाही म्हणून. "मला वाचता येत न्हाई साहेब, पर माणूस कळतं."

साहेबांनी ती सही पुन्हा एकदा निरखली. मग त्यांनी फाईल माझ्यापुढं सरकवली.

"म्हेत्रेबाई, हे गंभीर आहे. सही खोटी असेल तर मी ही यादी ग्राह्य धरणार नाही. चौकशी लावीन, ग्रामसेवकावर गुन्हा दाखल होईल, आणि या बाईंची हरकत मान्य करायला मला मोकळीक मिळेल. विचार करून सांगा. ही सही तुमची आहे का?"

बघा, कसा फास होता. नाही म्हटलं असतं तर कलेची जागा वाचली असती, आणि नलावडे भाऊसाहेब, ज्यानं दोनदा 'बाई?' म्हणून विचारलं, तो नोकरीला मुकला असता, तुरुंगात गेला असता. त्यालाही लेकरं होती. मी सहीकडं बघितलं. 'दा'चा काना थोडा वाकडा, घाईत केलेला. शिक्क्याची शाई पसरलेली.

"माझीच आहे," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा, नोंदवायचं आहे."

"सही माझीच आहे. मी शुद्धीत केली. भाऊसाहेबांचा दोष नाही."

कला खाली बसली. बसताना तिनं खुर्ची नीट मागं ओढून घेतली, लुगडं सावरलं. साहेब काहीतरी बोलत होते, अहवालात लिहितो, पण नोंद पडीक असताना माझे हात बांधलेले आहेत, वगैरे. तिनं त्यांना हात जोडले. "उपकार झाले साहेब," म्हणाली.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. मी शेजारी. दोन थांबे गेले, तिसरा गेला. मला राहवलं नाही.

"कले, मामंजींना भ्याले नाही मी," मी म्हणाले. तोवर मनाशी सुद्धा मी मामंजींवरच ढकलत होते. "अवी मांडीवर होता. तापानं फणफणलेला. डोळे फिरवत होता. बोट उचललं असतं आणि जागेला घर सापडलं असतं तर? मला तेव्हा दुसरं काही दिसलंच नाही गं. माझं पोर जाईल, एवढंच दिसलं."

ती बाहेरच बघत होती. नवीन इमारती चालल्या होत्या, सगळीकडं बांबूच्या परांच्या.

"ते कळतंय मला," ती म्हणाली. "मी बी न्हाई ठेवलं असतं बोट. कुणीच आई ठेवणार न्हाई."

मला रडू फुटलं. वाटलं, सुटले.

"पर पट्ट्या ठेवत होते मी त्याला," ती म्हणाली. "तेव्हा इचारलं मी तुला. तेव्हाच सांगायचंस. पोराच्या भ्यानं न्हाई लिवलं म्हणायचंस. मी सकाळी उठून गेले असते पंचायतीत. मी नाव घेतलं असतं. माझं काय जाणार होतं?"

आमचा थांबा आला तशी ती पुढं होऊन उतरली. मी तिच्या मागनं. 

घरी आलो. मी ओट्यावर मटकन बसले. ती आत गेली, चूल पेटवली, भाकरी केल्या, पोरांना वाढलं. मग दारात येऊन म्हणाली,

"सरपंचबाई, पाय धुवा. वाढलंय."

मी आधी मागं बघितलं, कुणाला म्हणतेय म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात रस्ता झाला. करंज पाडले त्या दिवशी कला घरातच होती, दारं लावून पापड लाटत होती. मीही लाटत होते. मशीनचा आवाज येत होता आणि दोघींचं लाटणं थांबलं नाही. एवढं आठवतं, की त्या दिवसाचे पापड सगळे मिठानं खारट झाले, आणि कुणी तक्रार केली नाही.

ती भांडली नाही, वेगळी निघाली नाही. माझ्या आजारपणात तिनं माझं सगळं केलं. अवीवर तर तिळभर माया कमी झाली नाही, उलट त्याच्या लग्नात वरमाईसारखी मिरवली. पण त्या दिवसापासून मी तिची आक्का राहिले नाही. "सरपंचबाई, मीठ द्या." "सरपंचबाई, तुमच्या गोळ्या घेतल्या का?" तुम्ही, अहो, जाहो. लोकांना आधी गंमत वाटायची. आता गावात नगरसेवक आहेत, वॉर्ड आहेत, पंचायत होती हेही नव्या माणसांना माहीत नाही. या अख्ख्या शहरात मला सरपंच म्हणणारी ती एकटीच उरली आहे. एकवीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी अवीला मुलगा झाला. बाळाला न्हाऊ घालायला कलाच बसायची, मोरीत पाट टाकून, पाय लांब सोडून, त्यावर बाळ पालथं. मी तांब्यानं पाणी द्यायचे. एक दिवस तिनं त्याच्या पाठीला तेल लावताना काहीतरी गुणगुणलं, आणि मला एकदम बकुळा आठवली, तिला सुद्धा हीच अशीच न्हाऊ घालायची आणि मीच पाणी द्यायचे. मी तांब्या खाली ठेवला.

"कले," मी म्हणाले, "आता आपण दोघी म्हाताऱ्या झालो गं. मरायच्या आधी एकदा आक्का म्हण. तुझ्या पाया पडते."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी सोसला असता.

"मी कुठं चुकीचं म्हणते?" ती म्हणाली. "साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा मी नीट ऐकलं होतं. सहीच्या खाली सरपंच लिवलं होतं. आक्का न्हवतं लिवलं."

बाळ कुरकुरायला लागलं. तिनं त्याला सुलटं केलं, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरला.

"पाणी द्या हो सरपंचबाई," ती म्हणाली. "गारठतंय लेकरू."